विश्लेषण : खडूने काढलेले जुने फ्रेंच चित्र विक्रीला येते, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीच्या आंत्वान वातोचे आयुष्य का तपासले जाते?

युरोपातील लिलावगृहांच्या याद्यांत एक नोंद वारंवार दिसते. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्र, कागदावर लाल आणि काळा खडू, पाठमोरी बसलेली स्त्री किंवा गिटार वाजवणारा तरुण, चित्रकाराची सही नाही. या कागदाची किंमत पुढच्या एका शब्दावर ठरते. ‘वातोचे’ असे लिहिलेले असेल तर मोठी संग्रहालये बोली लावायला येतात. ‘वातोच्या शैलीतील’ एवढेच लिहिलेले असेल तर तोच कागद दिवाणखान्याची भिंत सजवण्याच्या किमतीत जातो. एका शब्दाने एवढा फरक पाडणारा आंत्वान वातो जेमतेम ३६ वर्षे जगला. स्वतःच्या चित्रांची किंमत मात्र त्याला कधी नीट लावता आली नाही.

वातोचा जन्म कुठला?

फ्रान्सच्या उत्तर सीमेवर व्हालाँसिएन नावाचे गाव आहे. तिथे १० ऑक्टोबर १६८४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. हे गाव फ्रान्सच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. त्याआधी तो स्पेनच्या अमलाखालील नेदरलँड्सचा भाग होता. त्यामुळे वातो कागदोपत्री फ्रेंच असला, तरी पॅरिसमध्ये त्याच्याकडे फ्लेमिश मुलखातला मुलगा म्हणूनच पाहिले जाई. वडील घरांची छपरे शाकारणारे कारागीर होते. घरात चित्रकलेची परंपरा नव्हती आणि पैसाही नव्हता.

त्याच्या लहानपणाबद्दल मित्रांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. गावच्या चौकात फिरते वैदू आणि नकलाकार गर्दी जमवत, औषधे विकत, सोंगे काढत. हा मुलगा समोर उभा राहून त्यांची चित्रे काढत असे. रंगमंचावरची माणसे, त्यांचे कपडे, उभे राहण्याची ढब यांचे त्याला वाटणारे आकर्षण शेवटपर्यंत टिकले.

पॅरिसमध्ये सुरुवात कशी झाली?

सन १७०२च्या सुमारास तो पॅरिसला आला तेव्हा त्याच्याजवळ ना पैसे होते, ना ओळखीपाळखी. नोत्र दाम नावाच्या पुलावर तेव्हा दुतर्फा घरे आणि दुकाने होती. तिथे स्वस्तातली चित्रे घाऊक बनवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्याला काम मिळाले. एकाने आकाश रंगवायचे, दुसऱ्याने डोकी, तिसऱ्याने कपडे, अशी तिथे कामाची वाटणी असे. वातोच्या वाट्याला संत निकोलस आला. गिऱ्हाइकांची मागणी होती म्हणून तोच संत त्याने इतक्यांदा रंगवला की पुढे समोर नमुना ठेवायचीही गरज उरली नाही. मजुरी आठवड्याला तीन लिव्हर आणि रोज सूप.

म्हणजे ज्याच्या चित्रांच्या नकलांनी पुढे बाजार भरून गेला, त्याने स्वतःच्या आयुष्याची सुरुवात नकला करूनच केली होती.

सुटीच्या वेळात तो समोर दिसेल त्याची रेखाटने करी. ती पाहून क्लोद जिलो या चित्रकाराने त्याला आपल्याकडे नेले. जिलो नाटकांतले प्रसंग रंगवत असे. इटालियन विनोदी नाटकांची मंडळी चौदाव्या लुईने १६९७ मध्येच पॅरिसमधून हाकलली होती, पण पिएरो आणि आर्लकँ ही त्यांची पात्रे जत्रांमधल्या खेळांतून टिकून होती. पांढरा सैल अंगरखा घातलेला भोळा पिएरो वातोला भेटला तो असा.

दोघांचे पुढे बिनसले. वातो मग क्लोद ओद्रां या सजावटकाराकडे गेला. ओद्रां लक्झेंबर्ग राजवाड्याची देखभाल करत असे आणि त्या राजवाड्यात रुबेन्सने राणी मारी द मेदिचीच्या आयुष्यावर काढलेली प्रचंड चित्रमाला होती. ज्याला शाळा परवडत नव्हती, त्याला एवढी मोठी शाळा अशी फुकटात मिळाली. राजवाड्याच्या बागेत बसून तो झाडे काढी आणि आत येऊन रुबेन्सच्या चित्रांवरून हात बसवी.

खडूचे चित्र म्हणजे नेमके काय?

खडू म्हटले की आपल्याला शाळेतला फळा आठवतो. बाजारात ‘फ्रेंच चॉक’ म्हणून मिळते ती तर शंखजिऱ्याची पूड. चित्रकाराचा खडू यांपैकी कुठलाच नव्हे. त्या काळी खाणीतून काढलेल्या मऊ दगडाच्या कांड्या कापून त्या पितळी चिमट्यात बसवत आणि त्याने कागदावर रेखाटत.

लाल खडू हा आपल्या गेरूचा भाऊबंद. माती आणि लोहाचे ऑक्साइड यांच्या मिश्रणाने त्याला तो रंग येतो. काळा खडू म्हणजे कार्बन असलेला मऊ दगड. पांढऱ्यासाठी चुनखडीच्या जातीचा खडू वापरत. लाल, काळा आणि पांढरा असे तिन्ही एकत्र वापरण्याच्या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘त्र्वा क्रेयाँ’, म्हणजे तीन खडू, असे नाव आहे. ही पद्धत वातोने शोधली नाही. त्याच्या आधी रुबेन्सही ती वापरत होता. पण वातोने तिच्यातून जे काढले ते आधी कुणाला जमले नव्हते.

त्वचेची ऊब लालने यायची, केस आणि वस्त्राच्या घडीतली सावली काळ्याने, तर कपाळावर किंवा रेशमावर पडलेला उजेड पांढऱ्याने. बाकीचे काम कागदाच्या मूळ पिवळसर किंवा करड्या रंगाकडे सोपवलेले असे. रंग कालवायचे नाहीत, वाळायची वाट पाहायची नाही. समोरच्या माणसाने मान वळवली की लगेच शेजारी दुसरे डोके सुरू. लूव्र संग्रहालयात त्याचा एक कागद आहे, त्यावर आठ डोकी आहेत. दुसऱ्या एका कागदावर एकाच कृष्णवर्णी मुलाचा चेहरा तीन बाजूंनी काढलेला आहे.

या खडूंचा आणखी एक गुण खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लोहाचा लाल आणि कार्बनचा काळा हे रंग उजेडाने उडत नाहीत. बोट लागले तर पुसले जातील, ओलाव्याने कागद खराब होईल, पण रंग तीनशे वर्षांनंतरही तसाच राहतो.

मॉडेल कोण असत?

पॅरिसच्या राजकीय चित्रकला अकादमीत विद्यार्थ्यांना नग्न पुरुष मॉडेल समोर बसवून लाल खडूने आकृती काढायला शिकवत. या सरावचित्रांना ‘अकादेमी’ असेच नाव पडले. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती काढली, त्यामुळे आज विक्रीला येणाऱ्या जुन्या फ्रेंच खडूचित्रांमध्ये त्यांची संख्या मोठी असते. बहुतेकांच्या चित्रकाराचे नाव कधीच कळणार नाही.

वातोची वाट वेगळी होती. त्याने नग्नाकृती काढल्या, पण त्याचे मन रमले कपडे घातलेल्या माणसांत. नाटकातले आणि खानदानी थाटाचे जुने पोशाख त्याने जमवून ठेवले होते. मित्र किंवा ओळखीचे कुणी बसायला तयार झाले की त्यांना तो ते घालायला देई आणि त्यांना सहज सुचेल तसे बसू देई. कौंट केलूस हा सरदार घराण्यातला रसिक आणि निकोला एनँ हा दुसरा मित्र यांनी पॅरिसमध्ये काही खोल्या घेतल्या होत्या. तिघे तिथे जमून मॉडेलवरून चित्रे काढत. एरवी घुमा, चिडका आणि तब्येतीने कुरकुरणारा वातो तिथे खुलत असे, असे केलूसने पुढे सांगितले.

तो रस्त्यावरचेही सोडत नसे. हिवाळ्यात डोंगराळ सॅव्हॉय मुलखातून मार्मोट नावाचा पाळीव प्राणी घेऊन खेळ दाखवायला येणारे गरीब लोक त्याने मोठ्या आकारात काढले. सन १७१५ मध्ये इराणच्या शहाचा वकील लवाजम्यासह पॅरिसला आला, तेव्हा त्यातली पगडीवाली माणसेही त्याच्या कागदावर उतरली.

या रेखाटनांचे तो काय करी?

बहुतेक चित्रकार आधी चित्राची कल्पना ठरवतात आणि मग तिच्यासाठी लागणाऱ्या आकृत्यांचा अभ्यास करतात. वातोचे नेमके उलट होते. कुठलेही चित्र डोक्यात नसताना तो आकृत्या काढत जाई. ही रेखाटने तो बांधलेल्या वहीत ठेवी. रंगचित्र करायची वेळ आली की वही उघडायची, हवी ती माणसे निवडायची आणि झाडांच्या सावलीत त्यांची बैठक जमवायची. म्हणूनच एकच पाठमोरी स्त्री किंवा एकच वादक त्याच्या दोन-तीन चित्रांत भेटतो.

रंगचित्रांबाबत तो हयगयी होता. केलूसच्या सांगण्यानुसार तो तेल भरमसाट वापरी, रंगाची पाटी क्वचितच साफ करी आणि तेलाच्या भांड्यात धूळ साचू देई. त्यामुळे त्याची कित्येक रंगचित्रे काळवंडली, त्यांना तडे गेले. खडूची रेखाटने मात्र टिकली. स्वतः वातोलाही रंगचित्रांपेक्षा रेखाटनांचेच समाधान जास्त वाटे. त्याच्या हातात काय होते हे आज सर्वांत स्वच्छ दिसते ते या कागदांवरच.

अकादमीने त्याला पाच वर्षे का सोसले?

सन १७०९ मध्ये रोमला जाण्याच्या शिष्यवृत्तीसाठी अकादमीने घेतलेल्या स्पर्धेत तो दुसरा आला. रोम हुकले. त्याच सुमारास त्याने काढलेले सैनिकांचे एक छोटे चित्र सिरवा नावाच्या व्यापाऱ्याने ६० लिव्हरला विकत घेतले आणि त्या पैशांवर तो गावी जाऊन आला.

सन १७१२ मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला. मागायला गेला होता रोमची मदत, पण त्याची चित्रे पाहून ज्येष्ठ चित्रकार शार्ल द ला फोस यांनी त्याला अकादमीचा सदस्य व्हायलाच सुचवले. प्रवेश मंजूर झाला. रिवाजाप्रमाणे एक चित्र द्यायचे होते. त्याचा विषय एरवी अकादमी ठरवून देई. वातोला मात्र तो स्वतः निवडायची मोकळीक मिळाली.

त्यानंतर पाच वर्षे गेली. अकादमीने वारंवार आठवण केली. शेवटी २८ ऑगस्ट १७१७ रोजी त्याने चित्र हजर केले. प्रेमदेवता व्हीनसच्या सिथेरा बेटावरची यात्रा असा त्याचा विषय होता. बेटाची ओढ लागलेली जोडपी उतारावरून नावेकडे निघाली आहेत आणि एक स्त्री मागे वळून पाहते आहे. अकादमीच्या नोंदवहीत आधी चित्राचे नाव लिहिले गेले, मग ते खोडून ‘फेत गालाँत’ असे लिहिले गेले. उद्यानातली शृंगारिक मैफल, असा त्याचा अर्थ. अकादमीच्या ठरीव खणांत हे चित्र बसत नव्हते. वातोसाठी नवा खण तयार झाला. हे चित्र आज लूव्रमध्ये आहे.

श्रीमंत संग्राहकांशी त्याचे संबंध कसे होते?

पिएर क्रोझा हा त्या काळच्या पॅरिसमधला बडा सावकार. त्याच्याकडे इटलीतल्या आणि उत्तरेकडच्या थोर चित्रकारांच्या हजारो रेखाटनांचा संग्रह होता. वातो काही काळ त्याच्या घरी राहिला, त्याच्या भोजनगृहासाठी चार ऋतूंची चित्रे केली आणि संग्रहातील व्हेनिसच्या चित्रकारांची रेखाटने मनसोक्त उतरवून काढली. असे कागदही पुढे बाजारात आले. त्यांत हात वातोचा असला तरी कल्पना दुसऱ्याची असते, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

एवढी सोय असूनही तो तिथे फार टिकला नाही. एका घरात, एका माणसाकडे फार दिवस राहणे त्याला जमतच नसे. पैशाचे तर त्याला काही वाटत नसे. एका टोपकाराने त्याला खोट्या केसांचा टोप आणून दिला. तो वातोला एवढा आवडला की बदल्यात त्याने दोन चित्रे देऊन टाकली आणि वर, आपण त्या माणसाला फारच थोडे दिले, अशी रुखरुख लावून घेतली. भविष्याची काही तरतूद कर, असे केलूसने बजावले तेव्हा, फार तर धर्मार्थ रुग्णालयात जावे लागेल आणि तिथे कुणालाच परत पाठवत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला.

तो बोलला होता थट्टेत. पण रोग शरीरात शिरला होता. बहुधा क्षयच.

शेवटच्या दोन वर्षांत काय घडले?

सन १७१९ मध्ये तो लंडनला गेला. रिचर्ड मीड या नामांकित वैद्याशी त्याचा तिथे संबंध आला आणि मीडसाठी त्याने चित्रेही केली. कमाई बरी झाली, पण लंडनच्या धुरकट हवेने प्रकृती आणखी ढासळली. सन १७२० मध्ये तो परतला तेव्हा जॉन लॉच्या कागदी चलनाची आणि शेअरची योजना कोसळून अनेक फ्रेंच घरे धुळीला मिळत होती. वातोचे काही पैसे बुडता बुडता वाचले ते झां द ज्युलिएन या कापड उद्योजक मित्रामुळे.

आता तो एदम-फ्रांस्वा जेरसँ या तरुण चित्रव्यापाऱ्याकडे उतरला. जेरसँ म्हणजे ६० लिव्हर देणाऱ्या त्या सिरवाचा जावई. त्याचे नवे दुकान त्याच नोत्र दाम पुलावर होते, जिथे वातोने कधीकाळी संत निकोलस रंगवले होते. लंडनहून परतल्यावर गारठलेली बोटे मोकळी करायला म्हणून तुझ्या दुकानाची पाटी रंगवतो, असे वातोने सुचवले. जेरसँला ते पटेना. एवढ्या मोठ्या चित्रकाराने दुकानाची पाटी का रंगवावी? पण वातो हटला नाही. आजारपणामुळे फक्त सकाळी काम करत त्याने ती आठ दिवसांत पुरी केली.

पाटीवर दुकानाचाच देखावा आहे. डावीकडे नोकर चौदाव्या लुईचे चित्र खोक्यात भरत आहेत. दुकानाचे नाव ‘थोर राजा’, आणि तो राजा १७१५ मध्येच वारला होता. उजवीकडे गिऱ्हाईक चित्रे पारखत आहे. एक गृहस्थ गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून, चित्राच्या अगदी जवळ गेला आहे. चित्र विकत घेणारा माणूस काय पाहतो आणि काय पाहायचे विसरतो, हे वातोने इथे नोंदवून ठेवले. पाटी दुकानावर जेमतेम पंधरा दिवस राहिली. ती पुढे प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्याकडे गेली आणि आज बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे.

मृत्यूनंतर चित्रांचे काय झाले?

सन १७२१ मध्ये मित्रांनी त्याला पॅरिसजवळच्या नोजाँ-स्युर-मार्न या गावी नेले. गावाकडचा पातेर हा तरुण चित्रकार पूर्वी त्याचा शिष्य होता, पण वातोच्या चिडखोर स्वभावापुढे तो टिकू शकला नव्हता. आपण त्याच्यावर अन्याय केला, हे वातोला आता डाचत होते. त्याने पातेरला बोलावून घेतले आणि उरलेल्या दिवसांत जेवढे शिकवता येईल तेवढे शिकवले. आपल्याला येते ते सगळे त्या थोड्या दिवसांत मिळाले, असे पातेर पुढे सांगत असे.

वातोने १८ जुलै १७२१ रोजी जेरसँच्या हातांवर प्राण सोडला. बायको नाही, मूल नाही, घर नाही. मागे राहिले होते ते कागद. रेखाटने चार मित्रांत वाटून घ्यावीत, असे त्याने सांगून ठेवले होते. ज्युलिएन, एनँ, धर्मगुरू आरांजे आणि जेरसँ हे ते चौघे.

ज्युलिएनने मग एक मोठे काम हाती घेतले. वातोच्या रेखाटनांवरून तांब्याच्या पत्र्यांवर ठसे कोरून घेतले आणि १७२६ व १७२८ मध्ये दोन खंडांत साडेतीनशे छापचित्रे प्रसिद्ध केली. कोरणाऱ्यांमध्ये तेव्हा कुणाला फारसा माहीत नसलेला फ्रांस्वा बुशे होता. तोच पुढे राजाचा पहिला चित्रकार झाला. एका चित्रकाराच्या खासगी रेखाटनांना एवढा मान देऊन ती छापणे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

मग नकलांचा घोळ का झाला?

हे खंड युरोपभर गेले आणि चित्रकलेचे विद्यार्थी त्यांवरून हात बसवू लागले. त्यांतले कितीतरी कागद पुढे कुणीतरी मूळ वातो म्हणून जपून ठेवले. वातोने रेखाटनांवर जवळजवळ कधीच सही केली नाही, त्यामुळे खुलासा करायला काही नव्हते. शिवाय त्याच्या पिढीतले आणि पुढचे कित्येक चित्रकार त्याच्याच ढंगाने, त्याच खडूंनी काढत होते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये खडूच्या रेघेचा दाणेदारपणा हुबेहूब उतरवणारी छपाई निघाली. दमार्तो या कारागिराने तिच्यात एवढी सफाई मिळवली की काचेआड लावलेले छापचित्र आजही वरवर पाहणाऱ्याला मूळ रेखाटन वाटते.

दरम्यान वातोचा भावही घसरला. राज्यक्रांतीनंतरच्या काळात त्याची उद्याने आणि रेशमी वस्त्रे म्हणजे उमरावांचे चोचले ठरली. त्याचे आज जगप्रसिद्ध असलेले ‘पिएरो’ हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका व्यापाऱ्याकडे किरकोळ किमतीला पडून होते. १८६९ मध्ये लुई ला काझ या संग्राहकाच्या देणगीतून ते लूव्रमध्ये गेले. त्याच शतकात गाँकूर बंधूंनी वातोवर लिहिले, रेखाटने जमवली आणि बाजार पुन्हा फिरला. मागणी वाढली, तशी नावे लावण्याची घाईही वाढली.

विसाव्या शतकात अभ्यासकांनी ही गर्दी निवडायला घेतली. १९५७-५८च्या सूचीत वातोच्या नावावर नऊशेहून अधिक रेखाटने होती. पिएर रोझनबर्ग आणि लुई-आंत्वान प्रा यांनी १९९६ मध्ये तीन खंडांची नवी सूची केली, तेव्हा त्यांनी मान्य केलेला आकडा सुमारे ६७० वर आला.

विक्रीला आलेला कागद कसा तपासतात?

पहिली गोष्ट नोंदीचे शब्द. नुसते नाव असेल तर ते चित्र त्या चित्रकाराचेच आहे, असे लिलावगृहाचे मत असते. ‘च्या नावावर’ म्हणजे बहुधा त्याचे, पण खात्री नाही. ‘वर्तुळातील’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या जवळच्या कुणाचे तरी. ‘शैलीत’ म्हणजे नंतरच्या कुणीतरी त्या ढंगाने केलेले. ‘वरून’ म्हणजे उघड नक्कल.

दुसरी गोष्ट कागद. त्या काळचा हातकागद उजेडाकडे धरला की साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात, कधी जलचिन्हही दिसते. पण जुना कागद कोरा मिळू शकतो, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

तिसरी गोष्ट रेघ. भिंगाखाली खरा खडू कागदाच्या उंचवट्यांवर बसलेला आणि खोलगट जागी सुटलेला दिसतो. छपाईत शाई ठिपक्यांनी बसलेली असते आणि कडेला पत्र्याच्या दाबाची खूण सापडू शकते.

चौथी गोष्ट दिशा. पत्र्यावरून छापताना चित्र सहसा उलटे उमटते. म्हणून छापचित्राशी तंतोतंत, त्याच बाजूने जुळणारे रेखाटन आधी संशयाने पाहतात. शिवाय लाल खडूच्या चित्रावर ओला कागद दाबून त्याची फिकी, उलटी प्रत काढण्याची तेव्हा पद्धत होती. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या छायारेषा सहसा डावीकडून उजवीकडे वर चढतात. अशा प्रतीत त्यांचा कल उलटा झालेला असतो.

पाचवी आणि सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे कागदाचा प्रवास. जुने संग्राहक चित्रावर आपला छोटा शिक्का उमटवत. ज्युलिएनचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १७६७ मध्ये लिलावात फुटला. एखादा कागद शिक्क्यांच्या आणि जुन्या याद्यांच्या आधारे अशा लिलावापर्यंत मागे नेता आला, तर त्याचा धागा चार मित्रांच्या वाटणीपर्यंत पोहोचतो.

या सगळ्यात जेरसँ कुठे आहे?

पुलावरचा तो तरुण दुकानदार पुढे पॅरिसचा नावाजलेला चित्रव्यापारी झाला. लिलावाच्या याद्या तेव्हा बहुधा कोरड्या असत. वस्तू कुणाची, तिचा गुण काय, ती खरी कशावरून, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणाऱ्या याद्या फ्रान्समध्ये रूढ करण्यात जेरसँचा मोठा वाटा आहे. आजच्या लिलावगृहांच्या जाडजूड कॅटलॉगांचा तो एक पूर्वज.

सन १७४४ मध्ये त्याने काँतँ द लोराँजेर या संग्राहकाच्या वस्तूंची यादी केली. तिच्यात वातोचे काम होते, तेव्हा त्या निमित्ताने त्याने आपल्या मित्राचे छोटेसे चरित्र लिहून टाकले. आठवड्याचे तीन लिव्हर, रोजचे सूप आणि सकाळी रंगवलेली पाटी या गोष्टी आज जगाला माहीत आहेत त्या मुख्यतः त्या यादीमुळे. वातो रंगवण्यापेक्षा रेखाटण्यात जास्त रमत असे, हेही तिथे नोंदवलेले आहे.

म्हणजे वातोच्या आयुष्याची ही माहिती विक्रीच्या कागदावर आली आणि ती तिथे लिहिली ती त्याचा शेवटचा श्वास पाहिलेल्या माणसाने. आजही खडूने काढलेली एखादी निनावी आकृती विक्रीला आली की जाणकार आधी तिच्या मागच्या बाजूचे शिक्के पाहतात आणि मग जुन्या याद्या उघडतात.